निचऱ्याच्या गाळण-कापडाचा छिद्र-आकार : तीन पत्रके, तीन आकडे

पूर्णाकाठ

अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्याच्या पट्ट्यात, आमच्या गटाची जमीन सलग आहे. जोराचा पाऊस झाला की वावरात पाणी साचून राहते आणि कपाशी पिवळी पडते. म्हणून सुमारे १.२ मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा करण्याचे आम्ही ठरवले आहे. पाइपभोवती गुंडाळायच्या नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या, कापडाची विक्रेत्यांची तीन माहितीपत्रके माझ्यासमोर आहेत. तिन्ही कापडे पॉलिप्रॉपिलिनची, नीडलपंच पद्धतीची (सुया टोचून तंतू गुंतवलेली) आणि २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) आहेत. पहिल्या पत्रकावर 'ओ-९५ : १५० मायक्रॉन' असे लिहिले आहे, दुसऱ्यावर 'ओ-९० : १०० मायक्रॉन' आणि तिसऱ्यावर 'सरासरी छिद्र : ६२ मायक्रॉन'. एका विक्रेत्याचे म्हणणे असे की आकडा जितका लहान तितके कापड चांगले, कारण बारीक छिद्रातून गाळ आत शिरत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. हे तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात का? आणि कापड विकत घेण्याआधी त्याची छिद्रे व सच्छिद्रता आपल्याकडेच मोजण्याची काही विश्वासार्ह रीत आहे का? पाइप एकदा जमिनीत गेल्यावर कापड बदलता येत नाही, त्यामुळे उत्तर सविस्तर मिळाले तर फार मदत होईल.

वस्त्रशाळा

पूर्णाकाठ भाऊ, मी अनेक वर्षे वस्त्रतंत्र शिकवतो आहे आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हे तीन आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवून कापडांची तुलना करता येत नाही. तिन्ही पत्रके एकाच कापडाची असती, तरीही आकडे वेगळे आलेच असते.

विणलेल्या एकतंतू कापडात उभ्या-आडव्या धाग्यांमधली चौकोनी फट सूक्ष्मदर्शकाखाली सरळ मोजता येते. नीडलपंच कापडात अशी फट नसते. तंतू वाटेल त्या दिशेने गुंतलेले असतात, आणि पाणी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते तो मार्ग कुठे रुंद होतो, कुठे आवळतो आणि मध्येच दुसऱ्या मार्गाला मिळतो. अशा मार्गाचा 'आकार' किती, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. मातीचा कण अडतो तो मार्गातल्या सर्वांत अरुंद जागी, सुरईतून बाहेर येणारी वस्तू मानेपाशी अडावी तसा. गाळणीच्या दृष्टीने ही मान महत्त्वाची असते आणि पाणी साठण्याच्या दृष्टीने पोट.

आता पद्धती पाहू. ओ-९५ हा आकडा बहुधा कोरड्या चाळणीतून आलेला असतो. अमेरिकेतील एएसटीएम डी ४७५१ आणि आपल्याकडील आयएस १४२९४ या मानकांत ही रीत दिली आहे. कापड चाळणीसारखे ताणून बसवतात, त्यावर ठरावीक आकाराचे काचेचे गोल मणी टाकतात, यंत्राने हलवतात आणि किती वजनाचे मणी खाली पडले ते पाहतात. लहान मण्यांपासून सुरुवात करून मोठ्या मण्यांकडे जायचे, आणि ज्या आकाराचे पाच टक्के किंवा त्याहून कमी मणी पार जातात तो आकार म्हणजे ओ-९५. रीत स्वस्त आणि समजायला सोपी आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. पॉलिप्रॉपिलिनवर स्थिर विद्युत साचते आणि बारीक मणी तंतूंना चिकटून बसतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की प्रयोगशाळेत आर्द्रता राखली नाही, तर हा दोष फारच वाढतो. दुसरे असे की जाड कापडात मणी मध्येच अडकून राहतात. मग आकडा खऱ्यापेक्षा लहान येतो आणि वाचणाऱ्याला कापड अधिक बारीक वाटते.

ओ-९० हा आयएसओ १२९५६ मधला ओल्या चाळणीचा आकडा आहे. तिथे काचेच्या मण्यांऐवजी निरनिराळ्या आकारांचे कण असलेली माती कापडावर पसरतात, वरून पाण्याचा फवारा देतात आणि खाली निघून आलेल्या कणांचा डी-९० काढतात, म्हणजे त्या कणांपैकी वजनाने ९० टक्के ज्याहून बारीक आहेत तो आकार. पाण्यामुळे स्थिर विद्युतीचा प्रश्न उरत नाही. गाळण-कापडासाठी मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

तिसऱ्या पत्रकावरचा ६२ मायक्रॉनचा आकडा कोणता, हे विक्रेत्याला विचारावेच लागेल, पण माझ्या अंदाजाने तो केशिका-प्रवाह छिद्रमापकातून आलेला आहे. यात कापड पूर्ण भिजवणाऱ्या द्रवाने भरतात आणि एका बाजूने हवेचा दाब हळूहळू वाढवतात. सर्वांत मोठ्या मार्गातला द्रव आधी बाहेर ढकलला जातो, त्याहून लहान मार्ग नंतर मोकळे होतात. दाब आणि व्यास यांचे नाते वॉशबर्न यांनी १९२१ साली मांडलेल्या समीकरणातून मिळते : व्यास म्हणजे द्रवाच्या पृष्ठताणाच्या चौपटीला स्पर्शकोनाच्या (द्रव तंतूला ज्या कोनात टेकतो त्याच्या) कोसाइनने गुणून दाबाने भागलेली संख्या. ओल्या कापडातून जाणारा हवेचा प्रवाह ज्या दाबाला कोरड्या कापडातल्या प्रवाहाच्या निम्मा होतो, त्या दाबावरून 'सरासरी प्रवाह-छिद्र' काढतात. तो मधला आकडा असतो आणि ओ-९५ हा वरच्या टोकाचा. मधला आकडा दाखवून कापड बारीक आहे असे सांगणे म्हणजे खरेदीदाराची दिशाभूल आहे.

संत्राबाग

वस्त्रशाळा सर, आमच्या वरूड भागात संत्र्याच्या बागांत पाणी साचले की मुळे कुजतात आणि डिंक्या वाढतो, त्यामुळे हा धागा मी लक्षपूर्वक वाचतो आहे. छिद्राचा आकार आणि सच्छिद्रता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे माझ्या ध्यानात आले, पण सच्छिद्रता नेमकी कशी काढतात ते आपण सांगितले नाही.

वस्त्रशाळा

सच्छिद्रता म्हणजे कापडाच्या एकूण आकारमानात रिकामी जागा किती, हे प्रमाण. ते काढायला महागडे यंत्र लागत नाही. कापडाचा दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन काळजीपूर्वक कापून सराफाच्या काट्यावर तोलला की जीएसएम कळते. जाडी ठराविक दाबाखाली मोजावी लागते. पॉलिप्रॉपिलिनची घनता घनसेंटिमीटरला ०.९१ ग्रॅम आणि पॉलिएस्टरची १.३८ ग्रॅम धरतात. जीएसएमला जाडी आणि घनता यांच्या गुणाकाराने भागले की तंतूंनी व्यापलेला वाटा मिळतो, आणि तो एकातून वजा केला की सच्छिद्रता.

समजा २०० जीएसएमच्या पॉलिप्रॉपिलिन कापडाची जाडी २ किलोपास्कल दाबाला १.८ मिलिमीटर आहे. तंतूंचा वाटा ०.१२२ येतो, म्हणजे सच्छिद्रता सुमारे ८८ टक्के. परंतु १.२ मीटर खोलीवर वरच्या मातीचा भार २० किलोपास्कलच्या आसपास असतो. त्या दाबाला हेच कापड १.३ मिलिमीटरपर्यंत दबले, तर सच्छिद्रता ८३ टक्क्यांवर येते. हा फरक किरकोळ दिसतो, पण छिद्रांच्या बाबतीत तो तसा नाही. अशा कापडांचे अभ्यासक जिरू यांनी नीडलपंच कापडासाठी तंतूचा व्यास, सच्छिद्रता आणि जाडी यांवरून गाळण-छिद्र काढण्याचे सूत्र दिले आहे. सहा डेनियरच्या (९,००० मीटर लांबीचे वजन सहा ग्रॅम असलेल्या) पॉलिप्रॉपिलिन तंतूचा व्यास सुमारे ३० मायक्रॉन असतो. तो धरून हिशेब केला, तर मोकळ्या कापडाचे छिद्र ९२ मायक्रॉनच्या आसपास येते आणि दबलेल्या कापडाचे ७७ मायक्रॉनच्या आसपास. चाळणीच्या दोन्ही पद्धतींत कापडावर असा भार नसतो. म्हणून जाडी कोणत्या दाबाला मोजली, हे पत्रकावर नसेल तर ते आवर्जून मागावे. आयएसओ मानकात २, २० आणि २०० किलोपास्कल असे तीन दाब ठरलेले आहेत. त्यांतला मधला दाब तुमच्या खोलीशी जुळतो.

पाऱ्याने छिद्रे मोजण्याच्या पद्धतीचा उल्लेख पुस्तकांत सापडेल. पारा कापडाला भिजवत नाही, म्हणून तो दाबाने आत घुसवावा लागतो आणि त्या दाबाने मऊ कापड चेपते. शिवाय एका टोकाला बंद असलेल्या पोकळ्याही मोजल्या जातात, ज्यांतून पाणी वाहतच नाही. पारा विषारी आहे, हे निराळे. निचऱ्याच्या कामासाठी तिचा विचार करू नये.

थेंबथेंब

मी ठिबक संचाच्या जोडणीचे काम करतो. आमच्याकडे १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) जाळी म्हणजे साधारण १३० मायक्रॉन असे सरळ गणित आहे आणि गाळण जितकी बारीक तितके थेंबनळीचे तोंड सुरक्षित राहते. मग इथे विक्रेत्याचे म्हणणे चूक कसे ठरते?

मृदगंध

थेंबथेंब दादा, ठिबकची जाळी धुता येते, हा मोठा फरक आहे. जाळीवर कचरा साठला की दाबमापक सांगतो आणि आपण ती काढून स्वच्छ करतो. जमिनीतल्या कापडाला ती सोय नाही. त्याने मातीचा सांगाडा जागेवर धरून ठेवायचा असतो आणि सुरुवातीला सुटणारे थोडे बारीक कण पार जाऊ द्यायचे असतात. हे कण पार गेले की कापडालगत मातीच्या मोठ्या कणांचा थर जमतो, आणि पुढे गाळण्याचे बरेचसे काम तो थरच करतो. छिद्रे फार बारीक ठेवली तर तेच कण कापडात रुततात किंवा पृष्ठभागावर त्यांची साय धरते, आणि वावरातले पाणी वावरातच राहते. फ्रान्समधील वालक्रो धरणात १९७० साली नीडलपंच पॉलिएस्टरचे कापड गाळण म्हणून प्रथम वापरले गेले. तेव्हापासून या विषयातली सगळी धडपड माती अडवणे आणि पाणी सोडणे या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचीच आहे.

मी माती परीक्षणाचे काम करते, म्हणून पूर्णाकाठ भाऊंच्या प्रश्नाची मातीकडची बाजू मांडते. कापडाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो मातीच्या डी-८५ शी, म्हणजे ज्या आकाराहून ८५ टक्के माती बारीक आहे त्या आकाराशी, ताडून पाहावा लागतो. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून निम्म्याहून अधिक माती पार जात असेल, तर अमेरिकी महामार्ग विभागाच्या प्रचलित नियमानुसार नॉनवोव्हन कापडाचा ओ-९५ डी-८५ च्या १.८ पटीपेक्षा जास्त नसावा आणि ०.३ मिलिमीटरच्याही वर जाऊ नये. अडकण टाळण्यासाठी सच्छिद्रता निदान ५० टक्के हवी, असे तेच मार्गदर्शन सांगते. सरांच्या हिशेबातले ८३ टक्के या अटीत सहज बसतात.

आता आपल्या काळ्या मातीची अडचण. प्रयोगशाळेत कणांचा आकार मोजताना आम्ही मातीत सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालतो, म्हणजे चिकणमातीचे ढेकळे पूर्ण फुटून सुटे कण होतात. त्या मोजणीत काळ्या मातीचा निम्म्यापेक्षा अधिक भाग दोन मायक्रॉनपेक्षा बारीक निघू शकतो. नियम शब्दशः लावला तर इतके बारीक कापड निवडावे लागेल की त्यातून पाणी उतरणारच नाही. प्रत्यक्ष वावरात मात्र हे कण सुटे नसतात, एकमेकांना धरून दाणे बनवून राहतात. म्हणूनच चिकणमातीचे प्रमाण भरपूर आणि रचना टिकाऊ असलेल्या जमिनीत पाइपाला गाळण-कापड लागतच नाही, असे निचरा अभियांत्रिकीतले जुने मत आहे आणि मला ते पटते.

वस्त्रशाळा

ताई, इथे मी थोडा वेगळा विचार मांडतो. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीची रचना टिकाऊ आहे, असे गृहीत धरता येत नाही. चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत सोडियममुळे दाणे विरघळल्यासारखे सुटे होतात. अशा ठिकाणी कापड वगळले, तर पाइप काही पावसाळ्यांत गाळाने भरू शकतो.

मृदगंध

सर, आपला आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच आधी माती सुटी होते की नाही ते पाहावे, असा माझा आग्रह आहे. पूर्णा खोऱ्यातल्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटातली फुगणारी खनिजे आहेत. चोपण ठरवण्यासाठी विनिमयक्षम (मातीच्या कणांना धरून असलेल्या) सोडियमची १५ टक्क्यांची जी सर्वसाधारण मर्यादा सांगतात, तिच्या बऱ्याच खालीदेखील अशा मातीतून पाणी उतरणे मंदावते.

पूर्णाकाठ भाऊ, पाइप ज्या खोलीवर जाणार आहे त्याच खोलीवरची माती घ्या, कारण वरच्या थराचे वागणे पुष्कळदा निराळे असते. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, नैसर्गिक ओलीचा खडा काचेच्या पेल्यातल्या शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता पाहत राहा. खडा नुसता ढासळून तळाशी पसरला, तर माती पाण्यात मोडते पण विखुरत नाही. त्याच्याभोवती दुधट ढग तयार झाला आणि तो पसरत गेला, तर माती विखुरणारी आहे. हीच चाचणी नंतर तुमच्या विहिरीच्या पाण्यातही करा. खाऱ्या पाण्यात क्षार जास्त असल्याने कण एकत्र राहतात आणि ढग दिसत नाही, पण पावसाचे गोडे पाणी मुरू लागले की तीच माती विखुरते. निचरा सुरू झाल्यावर जमिनीतले क्षार धुतले जाणार आहेत, तेव्हा धोका पुढच्या काळात आहे हे ध्यानात घ्यावे.

ढग दिसला, तर कापडाच्या निवडीआधी जिप्समचा विचार करा. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि दाणे पुन्हा बांधले जातात. विखुरलेल्या चिकणमातीला अडवू शकेल असे कोणतेही नॉनवोव्हन कापड निचऱ्यासाठी उपयोगी पडत नाही, कारण तितकी बारीक छिद्रे लगेच बुजतात.

पूर्णाकाठ

मृदगंध ताई, वस्त्रशाळा सर, मनापासून आभार. चाचणी करून पाहिली. शुद्ध पाण्यात खड्याभोवती ढग आला, विहिरीच्या पाण्यात आला नाही, म्हणजे ताईंनी वर्तवले होते तसेच झाले. गटाने चराच्या भरावात जिप्सम मिसळण्याचे आणि कापडही ठेवण्याचे ठरवले आहे. आता तिन्ही नमुने एकाच पद्धतीने तपासून पाहायचे आहेत. जवळच्या महाविद्यालयात छिद्रमापक यंत्र नाही, पण तिथले अध्यापक मदतीला तयार आहेत. काय करता येईल?

वस्त्रशाळा

बुडबुड्याच्या दाबाची चाचणी महाविद्यालयात नक्की करता येईल. तिच्यातून सर्वांत मोठे आरपार छिद्र कळते, आणि तिन्ही नमुन्यांचा क्रम लावण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

दोन गोल कड्यांमध्ये रबरी वॉशर घालून कापड घट्ट आवळा. कडेने हवा निसटू नये, म्हणून कापडाच्या कडेवर मेण किंवा सिलिकॉन लावून ती बंद करा. द्रव म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. साधे पाणी चालणार नाही, कारण पॉलिप्रॉपिलिन पाण्याने भिजत नाही आणि स्पर्शकोन शून्य धरण्याचे गृहीतकच मोडते. अल्कोहोलचा पृष्ठताण मीटरला सुमारे २१.७ मिलिन्यूटन आहे. कापड त्यात बुडवून आतली हवा पूर्ण जाऊ द्या, वर अल्कोहोलचा पातळ थर ठेवा आणि खालून हवा अत्यंत सावकाश सोडा. दाब पाण्याच्या यू-नळीवर वाचा. १०० मायक्रॉनच्या छिद्रासाठी ८६८ पास्कल, म्हणजे पाण्याचा सुमारे ८८ मिलिमीटर स्तंभ लागतो. सोयीसाठी असे लक्षात ठेवा की ८,८५० ला मिलिमीटरमधल्या स्तंभाने भागले की व्यास मायक्रॉनमध्ये मिळतो. वरच्या अल्कोहोल-थराचा दाब आधी वजा करायचा, दर दहा मिलिमीटर थरामागे पाण्याचे सुमारे आठ मिलिमीटर. पहिला सुटा बुडबुडा धरू नये. एकाच जागेवरून अखंड माळ सुरू होते तो दाब नोंदवावा. हे अल्कोहोल चटकन पेट घेते, म्हणून खोलीत ज्योत, शेगडी किंवा ठिणगी पडणारे यंत्र नसावे आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

छिद्रे ३०० मायक्रॉनच्या पुढची असतील, तर स्तंभ तीस मिलिमीटरच्याही खाली येतो आणि वाचनातला एका मिलिमीटरचा फरकही निकाल बदलतो. त्या ठिकाणी चाळणीच बरी. नमुने गुंडाळीच्या कडेचे घेऊ नका. रुंदीच्या वेगवेगळ्या जागांवरून घ्या, कारण नीडलपंच कापडात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जीएसएम बदलते आणि त्याबरोबर छिद्रेही बदलतात. तिन्ही नमुने जिरूंच्या सूत्रातही घालून पाहा. सर्वांत जास्त गाळण-छिद्राचे कापड मोजणीतही तसेच निघाले, तर मोजणी रुळावर आहे असे समजा.

संत्राबाग

पाणी वाहण्याची चाचणी यात येत नाही का? शेवटी आपल्याला पाणीच बाहेर काढायचे आहे.

मृदगंध

येते, आणि ती सोडू नये. आयएसओ ११०५८ मध्ये नुसत्या कापडातून पाणी सोडून वेग मोजतात. त्याआधी नमुना ओलावक मिसळलेल्या पाण्यात निदान बारा तास बुडवून ठेवतात, नाहीतर आत अडकलेली हवा छिद्रे अडवून धरते. नव्या, स्वच्छ कापडातून आपल्या काळ्या मातीपेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी जाते, त्यामुळे केवळ तेवढ्या आकड्यावर समाधान मानू नये.

खरी परीक्षा माती आणि कापड एकत्र ठेवूनच होते. पारदर्शक नळीच्या तळाशी कापड बसवा, त्यावर तुमच्या चरातली माती भरा आणि वरून पाण्याची पातळी स्थिर ठेवा. कापडाखाली, कापडाच्या २५ मिलिमीटर वर आणि ७५ मिलिमीटर वर अशा तीन जागी बारीक नळ्या लावून पाण्याची उंची वाचा. खालच्या, म्हणजे कापड आणि त्यावरच्या २५ मिलिमीटर मातीच्या टप्प्यातला उतार (दर मिलिमीटर जाडीमागे पाण्याच्या उंचीत होणारी घट) भागिले वरच्या ५० मिलिमीटर मातीतला उतार, हे गुणोत्तर सांगते की पाणी कापडाजवळ अडते आहे की नाही. ते तीनच्या वर गेले, तर कापड बुजते आहे असे मानतात. ही चाचणी मुळात वाळूमिश्रित मातीसाठी आखलेली आहे आणि चिकणमातीत पाणी इतके सावकाश उतरते की वाचने स्थिर व्हायला आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे कामाचे वेळापत्रक तसे ठेवा. एका नळीत जिप्सम मिसळलेली माती घ्या, दुसरीत न मिसळलेली, आणि दोन्हींत विहिरीचे पाणी न वापरता साठवलेले पावसाचे पाणी वापरा. तिन्ही कापडांसाठी हीच जोडी लावलीत, तर पत्रकावर काय छापले आहे याची फारशी गरज उरणार नाही.

पूर्णाकाठ

पावसाचे पाणी शेततळ्यातले घेतले तर चालेल का? अस्तर प्लास्टिकचे आहे आणि त्यात विहिरीचे पाणी सोडलेले नाही.

मृदगंध

चालेल, पण पाण्यात क्षार किती हे कळावे म्हणून आधी त्याची विद्युतवाहकता मोजून घ्या आणि गाळ खाली बसू द्या. तळ्यातला गाळ नळीत गेला, तर कापड मातीमुळे बुजले की पाण्यातल्या गाळामुळे, हे सांगता येणार नाही.